शस्त्रक्रियेनंतरची रात्र



माझ्या भगिनीची हर्नियाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. मात्र त्या रात्री साऱ्या कक्षाला परिचारिका एकच होती. भिजलेली मलमपट्टी सकाळपर्यंत कोणी पाहिली नाही. जखम चिघळली, मुक्काम लांबला आणि त्या लांबलेल्या दिवसांचे बिलही आम्हीच भरले.

रुग्ण हा माहितगार ग्राहक नसतो, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच मांडले. शस्त्रक्रियेचा दर त्याला विचारता येतो. रात्रपाळीला परिचारिका किती, हे तो विचारीत नाही. म्हणूनच नफ्यासाठी पहिली कात्री शुश्रूषेला लागते.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. प्रत्येक शाखेने ती तपासावी. नसेल तेथे लेखी तक्रार नोंदवावी.