आजींचे शंभर रुपये



मी बचत गटांचं काम बघते. आमच्या एका गटात एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. मागच्या पावसाळ्यात बैठकीत म्हणाल्या, "मी हप्ता दिलाय." वहीत नोंद नव्हती. आजी हटून बसल्या. दोघीतिघी एकमेकींकडं बघून हसल्या, आणि मीही जरा जोरातच बोलले. चार दिवसांनी शंभराची नोट त्यांच्याच घरी हळदीच्या डब्यात सापडली. देण्यासाठी काढली, कुणी हाक मारली म्हणून तिथं ठेवली, आणि डोक्यात "दिले" एवढंच राहिलं. आजी खोटं बोलत नव्हत्या. ते जोरात बोलणं मला अजून टोचतं.

वय झालं की सगळीच आठवण सारखी कमी होत नाही. याच आजी पीठ न मोजता भाकरी करतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळालेल्या सुकडीची चवसुद्धा सांगतात. हाताला लागलेलं काम टिकतं, जुनं टिकतं. सुटतं ते ताजं. आत्ता काय केलं, मघाशी काय ठरवलं. गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला की नाही. मध्येच कुणी बोलावलं तर माझासुद्धा धागा तुटतो, आणि मी अजून चाळिशीची नाही.

म्हणून "एवढं कसं आठवत नाही?" असं ओरडून काही होत नाही. नवं काम जुन्या सवयीला बांधून द्या. सकाळची गोळी चहाच्या कपाशेजारी ठेवा. सात वारांचे सात कप्पे असलेला गोळ्यांचा डबा मिळतो, कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतलेली.

पण किल्ली कुठं ठेवली हे विसरणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणं वेगळं. नोटा मोजता येईनात, जन्मभर केलेला स्वयंपाक जमेना, तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडू नका. कधी बी-१२ कमी असतं, कधी थायरॉईड, कधी मनाची उदासी. यांवर उपचार आहेत. आशाताईंशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि एक-दोन दिवसांतच माणूस अचानक बरळायला, गोंधळायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीच्या संसर्गानंही म्हाताऱ्या माणसांना असं होतं.

आता आमच्याकडं पैसे हातात पडले की तिथंच आजींच्या पासबुकावर सही होते. गेल्या महिन्यात माझीच सही राहिली होती. आजींनीच दाखवली.