स्टॉकहोमच्या गाण्यात मुंबईची व्हायोलिन्स

(मागच्या रविवारी घनसावंगीतल्या एका अभ्यासिकेत बोललो होतो. त्या बोलण्याचं हे लिखित रूप. एपिसोड ऐकलाय त्यांनीही वाचा, कारण तिथं लाईट गेल्यामुळे शेवटची पाच मिनिटं रेकॉर्डच झाली नव्हती.)

मी इथलाच. बी.टेक. करून पुण्यात कोड लिहितो, आणि रात्री हेडफोन लावून बीट बनवतो. घरच्यांच्या मते दोन्ही एकच काम आहे, कारण दोन्हीत मी लॅपटॉपसमोर कुबड काढून बसलेला असतो.

सुरुवातीला एक प्रयोग करू. फोन काढा आणि ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ लावा. फक्त सुरुवातीचं. ती उंच, अंगावर येणारी व्हायोलिन्स ऐकली? रीलवर ऐकलीच असतील. आता 1981 च्या ‘एक दूजे के लिए’ मधलं ‘तेरे मेरे बीच में’ लावा आणि गाण्याकडं नाही, मधल्या वाजवण्याकडं कान द्या.

ओळखीचं वाटलं ना? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जेवणाचं ताट बाजूला सरकवलं होतं.

झालं असं. स्वीडनमध्ये ब्लडशाय अँड अवांट नावाची निर्मात्यांची जोडी होती, ख्रिश्चन कार्लसन आणि पोंटस विनबर्ग. कॅथी डेनिस आणि हेन्रिक योनबॅक यांच्यासोबत त्यांनी ‘टॉक्सिक’ रचलं. आधी हे गाणं काइली मिनोगला देऊ केलं होतं. तिनं नाही म्हणलं आणि ते ब्रिटनीकडं गेलं. 2003 च्या ‘इन द झोन’ अल्बममध्ये आलं, 2004 च्या जानेवारीत सिंगल म्हणून निघालं आणि 2005 मध्ये त्याला डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं. त्यात गिटार आहे, सिंथ आहे, ब्रिटनीचा कुजबुजता आवाज आहे. पण गाणं डोक्यात अडकतं ते व्हायोलिनमुळं. आणि ती व्हायोलिन्स आपल्या हिंदी सिनेमाची.

सॅम्पल म्हणजे नेमकं काय, ते इंजिनिअरच्या भाषेत सांगतो. आवाज म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त होणं. सीडीसाठी तो दाब सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. म्हणजे गाण्याचा एक सेकंद म्हणजे आकड्यांची एक लांब यादी. त्या यादीतला हवा तो तुकडा कापा, दुसरीकडं चिकटवा, पुन्हापुन्हा वाजवा, झालं सॅम्पलिंग. तुकडा जोरात पळवला की सूरही चढतो. तुमच्या आईवडिलांना विचारा, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं कसं जाड आवाजात रडायचं. हा त्याचाच उलटा प्रकार. आज तुम्ही व्हॉइस नोट दुप्पट वेगात ऐकता तरी आवाज चिमणीसारखा होत नाही, कारण सॉफ्टवेअर वेग आणि सूर वेगळे करतं. जुन्या सॅम्पलरमध्ये दोन्ही एकत्रच हलायचे.

आता ती व्हायोलिन्स आली कुठून? संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, मुंबईचा मराठी माणूस. वडील लवकर गेले, घरात ओढाताण, पोरवयातच मेंडोलिन हातात घेऊन कमवायला लागलेला. प्यारेलाल व्हायोलिन वाजवायचे. दोघांची गाठ पडली मंगेशकरांच्या ‘सुरेल कला केंद्र’ या मुलांच्या संस्थेत. 1963 च्या ‘पारसमणि’पासून ही जोडी गाजली.

आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं कुणी? अँथनी गोन्साल्विस यांनी. हो, तेच नाव! ‘अमर अकबर अँथनी’मधला अमिताभ ज्या नावानं अंड्यातून बाहेर येतो, ते नाव प्यारेलाल यांच्या गुरूचं आहे. हे गुरुजी गोव्यातल्या माजोर्ड्याचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचे. तिथले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. समोर कागद ठेवला की बघून वाजवणारे लोक. त्या काळी कॉपी-पेस्ट नव्हतं. डझनावारी माणसं एका हॉलमध्ये बसून एकदम वाजवायची. एकाचा गज चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे बघा, गोव्यातल्या चर्चची शाळा, मुंबईचा स्टुडिओ, स्टॉकहोमचा कॉम्प्युटर आणि घनसावंगीतला तुमचा फोन. एवढा प्रवास त्या काही सेकंदांनी केला. ‘टॉक्सिक’वर नाचणाऱ्या कितीजणांना त्यातल्या एका तरी वादकाचं नाव माहीत असेल? जाऊ द्या, मूळ हिंदी गाण्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवर तरी कुठं असायची ती नावं? गायक, गीतकार, संगीतकार, बस. व्हायोलिन वाजवणारे त्या दिवसाचे पैसे घेऊन लोकलनं घरी जायचे.

नावासाठी भांडण झाल्याचंही उदाहरण आहे. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ आलं. निर्माता डीजे क्विक. त्यात ‘थोडा रेशम लगता है’ सरळ वाजतं, लताबाईंच्या आवाजासकट. संगीत बप्पी लाहिरींचं, 1981 च्या ‘ज्योती’मधलं. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि 2003 मध्ये आदेश निघाला की बप्पीदांचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. नाव छापा, मग विका, एवढी साधी गोष्ट.

आता माझी गोष्ट. ही सांगायची म्हणूनच आज आलो.

लॉकडाऊनमध्ये मी गावी होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात, हलगी वाजवतात. जाळावर शेकून कातडं ताणायचं, एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी. वरात असो की जत्रा, काका लागणारच. एका संध्याकाळी मी म्हणलं, काका, जरा वाजवा की, रेकॉर्ड करतो. त्यांनी वीस मिनिटं वाजवलं. मी त्यातले चार सेकंद कापले, वेग वाढवला, खाली बेस टाकला आणि ट्रॅक अपलोड केला. नाव टाकलं माझं, एकट्याचं. लॅपटॉपवर फाईलचं नाव होतं ‘हलगी फायनल 2’.

ट्रॅक बरा चालला. पुढच्या वर्षी गावातल्याच एका वरातीत डीजेवाल्यानं तो लावला. डीजे आला म्हणून त्या वरातीत हलगी सांगितलीच नव्हती. काका कडेला उभे होते. ऐकलं, आणि गर्दीतून माझ्याकडं आले. म्हणले,

“बाळा, ही हलगी माझी हाय.”

मी म्हणलं, “कशावरून, काका?”

“तिसरी थाप मागून येती. माझं मनगट मोडलं व्हतं तवापासून. दुसऱ्या कुणाची येत न्हाई.”

मी गप्प. मला वाटलं आता पैशाचं विचारतील. त्यांनी विचारलं, “त्याच्यात नाव कुणाचं टाकलंस?”

मंडळी, ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधली दहा ओळींची लायब्ररी घेतली तरी मी लायसन्सची फाईल जपून ठेवतो, लिहिणाऱ्याचं नाव काढत नाही. कधी ओळखही नसलेल्या माणसाचं नाव मी राखलं होतं. आणि गल्लीतल्या काकांचं मला सुचलंसुद्धा नाही. का सुचलं नाही? कारण गावात हलगीवाल्याचं नाव कुणी पुकारत नाही. ‘हलगी बोलवा’ म्हणतात, माणूस बोलवा म्हणत नाहीत. मीही तेच केलं, फक्त लॅपटॉपवर.

आणि त्याच चार सेकंदांनी त्या दिवशी काकांची सुपारी खाल्ली होती.

त्याच रात्री ट्रॅकवर त्यांचं नाव टाकलं, माझ्या आधी. तोवर एकूण अकराशे रुपये आले होते, निम्मे नेऊन दिले. पैसे त्यांनी मोजलेही नाहीत. फोन हातात घेतला आणि नातवाला म्हणले, “वाच रं, काय लिवलंय.” त्यानं वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं.

आपल्या कायद्यातही हे आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळालाय. पण कायदा बघायला काका कोर्टात जाणार नाहीत. रेकॉर्डचं बटण दाबणाऱ्यानंच आधी नाव विचारायला पाहिजे.

तुमच्यापैकी बरेचजण रील करता, बीट बनवता. जत्रेत संबळ, पहाटे वासुदेव, पिठाच्या गिरणीचा पट्टा, सगळं रेकॉर्ड करा. फक्त फाईलला नाव देताना ‘हलगी फायनल 2’ लिहू नका. माणसाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि अपलोड करायच्या आधी त्याला ऐकवा.

आज एपिसोडच्या शेवटी जी हलगी वाजते ती काकांचीच आहे. या वेळी वेग वाढवलेला नाही. तिसरी थाप नीट ऐका, जरा मागून येते.

भेटू पुढच्या भागात.