शिकवलेला माणूस गेला तर?



उद्योजकांच्या या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. कारखान्यातल्या जाणत्या माणसानं नवख्याला हाताशी धरून घडवायचं, ज्याला आता आपण मेंटरिंग म्हणतो, ते आपल्याकडे रीतसर सुरू झालं पाहिजे.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बोला किंवा गोकुळ शिरगावच्या, हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘पोरगं तयार करायचं आम्ही आणि ते जाणार शेजारच्या फौंड्रीत.’ ही भीती खरी आहे. पण तिच्यावर विचार करायला आपल्याच कोल्हापुरात सिनेमातलं मोठं उदाहरण आहे.

चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. घरात सुतारकाम, लोहारकाम. बंधू आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला तेव्हा त्यांच्या जोडीला शिष्य विष्णुपंत दामले होते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की गुरूलाही कॅमेरा बनवायचा कसा हे आधी कुणी शिकवलेलं नव्हतं. दामले शिकले ते अडलेल्या कामात शेजारी उभं राहून.

पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे नंतरचे व्ही. शांताराम, आले आणि पडेल ते काम करू लागले. १९२१ च्या ‘सुरेखा हरण’मध्ये त्यांना कृष्णाची भूमिका मिळाली, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याची, आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शन. दामले आणि त्याच कंपनीतले फत्तेलाल यांनी १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. दर दोन-चार वर्षांनी जबाबदारी वाढत गेली. आपल्याकडे मात्र हेल्पर म्हणून लागलेला मुलगा पाच वर्षांनीही वाळूच ओढत असतो, आणि तो टिकत नाही म्हणून आपण त्यालाच बोल लावतो.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीनं कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ चालली नाही. हे मी लपवत नाही, कारण तुमच्या मनात तेच आलं असणार. पण १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली, ती ज्या हातांच्या कामाची, ते हात बाबूरावांकडे तयार झाले होते. उद्यमनगरातली आपली कारखानदारीही अशीच वाढली. एकाच्या लेथवर शिकलेल्यानं पुढच्या गल्लीत स्वतःचं लेथ टाकलं. ती माणसं मालकानं अडवून धरली असती, तर आज इथे इतके उद्योजक बसले नसते.

माणूस टिकवायचा असेल तर पुढची पायरी आपल्याच कारखान्यात दिसली पाहिजे. ती नसेल तर तो शिकवलं म्हणून जात नाही, न शिकवताही जातोच.

आता सुरुवात कशी करायची? सबंध कारखान्यात एकदम नको, मेस्त्री आणि शिकाऊ यांच्या दोन-तीन जोड्या पुरेत. शिकवणारा हा त्या मुलाचा थेट सुपरवायझर नसावा. हजेरी आणि पगारवाढ ज्याच्या हातात, त्याच्यापुढे कुणी ‘मला हे समजत नाही’ म्हणत नाही. आठवड्यातला एक तास शिफ्टमध्येच काढा आणि तो दोघांच्याही कामात धरा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. शिफ्ट संपल्यावर दमलेल्या मेस्त्रीनं फुकट शिकवावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्याचं उत्पादन त्या दिवशी थोडं कमी भरेल, ते मालकानं आधीच मान्य केलं पाहिजे.

आणि त्या तासात करायचं काय? रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, समोर ठेवा. ब्लो होल, म्हणजे गॅसमुळे पडलेली पोकळी, कशानं आला : वाळूत ओल जास्त होती, कोअर नीट भाजला नव्हता, की गॅस बाहेर पडायला वाट नव्हती? आधी मुलाला बोलू द्या. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून पाहतो आणि ओल सांगतो. लॅबमधल्या मुलीकडे त्याच ओलीचा आकडा असतो. दोघांना एकत्र बसवा, दोघंही शिकतील. बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगारांना यातून वगळू नका. भट्टीपुढे तेही आपल्याइतकेच उभे असतात, आणि भाषेच्या अडचणीमुळे त्यांना विचारायला माणूस नसतो.

सहा महिन्यांनी जोडीतल्या दोघांना वेगवेगळं विचारा. पटत नसेल तर जोडी बदला, त्यात कुणाचा कमीपणा नाही. आणि मुलगा तयार झाला असेल तर त्याच्या हाती एक जॉब पूर्णपणे सोपवा, पॅटर्न तपासण्यापासून माल पाठवेपर्यंत.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणाचा निम्मा वेळ अशा जोड्यांना द्या. मेस्त्री आणि शिकाऊ दोघंही व्यासपीठावर येऊन बोलू देत. ज्यांच्या कारखान्यात ही सुरुवात करायची आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. पहिल्या जोड्या कशा लावायच्या ते आजच बसून ठरवू.