रिकामी गव्हाणी

वसईच्या कॅथलिक घरांत नाताळची तयारी चार रविवार आधीच सुरू होते. हा आगमनकाळ. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यानच्या रविवारी तो सुरू होतो. हिरव्या पानांच्या चक्रात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते. धाकटं मूल काडी ओढतं, आजी प्रार्थना सांगते. दर रविवारी एक ज्योत वाढते. गुलाबी पेटते तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी. या चक्राचं मूळ १८३९ सालच्या हॅम्बुर्गमध्ये आहे. पाळक योहान विखर्न यांनी ते गरीब मुलांसाठी केलं होतं. इकडे वसईत तरुण मंडळी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारतात. त्यातली बाळ येशूची गव्हाणी मात्र नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामीच राहते. वाट पाहणं म्हणजे हेच: येणाऱ्यासाठी, गरजूंसाठी मनात जागा करणं.