आपल्या धंद्याची वेबसाइट सगळ्यांना वापरता येऊ द्या



तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत स्वतःची किंवा घरच्या धंद्याची वेबसाइट केली आहे. कुणाचे घरगुती केटरिंग, कुणाचे अत्तर, कुणाच्या आपाचे कपडे शिवून देण्याचे काम. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून आयोजकांनी मला बोलावले. साइट सुंदर कशी करावी, जाहिरात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ज्याला दिसत नाही, कमी दिसते किंवा ज्याच्या हाताला माउस धरता येत नाही, त्याला तुमच्या साइटवरून कुणाच्या मदतीशिवाय ऑर्डर देता येते का?

माझ्या खालाची नजर मधुमेहाने अधू झाली. ती मोबाइल ऐकून वापरते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. बोटाखाली जे येईल ते ती वाचून दाखवते. फोन लावणे, व्हॉट्सॲप, बातम्या सगळे खाला एकटी करते. अडते ती खरेदीला. साइट बोलत नाही, म्हणून फोन भाच्याच्या हातात द्यावा लागतो, ओटीपीही त्यालाच सांगावा लागतो. भाचा म्हणजे मीच, आणि मी तसा बरा माणूस आहे. पण स्वतःच्या पैशाने ईदची भेट गुपचूप घेता येत नाही, हे तिला लागते. २०११ च्या जनगणनेत दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५० लाख होती. म्हातारपणाने नजर कमी झालेले कितीतरी जण त्या मोजणीत नसतील.

आता आपल्या साइटींकडे येऊ. आपली सवय पोस्टरची आहे. मेनू, भाव, वेळ, पत्ता सगळे एका सुंदर चित्रात लिहायचे, ते व्हॉट्सॲपवर फिरवायचे आणि तेच साइटवर चिकटवायचे. टॉकबॅक अशा साइटवर आला की म्हणतो, ‘इमेज’. कधी फाइलचे लांबलचक नाव वाचतो. बिर्याणी कितीची, हे चित्रात अडकून राहते. गूगललाही ते धड सापडत नाही, आणि स्वस्त मोबाइलवर ती बारीक अक्षरे चांगल्या डोळ्यांनाही वाचता येत नाहीत. पोस्टर खुशाल ठेवा. त्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप करा. बाकी काही जमले नाही तरी हे आज रात्री करा. टाइप करताना युनिकोडच वापरा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर मशीनला तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि ते तो गोंधळच वाचते.

वस्तूंच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट द्यायचा, म्हणजे चित्रामागे लिहिलेले वर्णन. ‘फोटो १’ लिहून काही होत नाही. ‘निळा सुती कुर्ता, गळ्यावर पांढरे भरतकाम’ असे लिहा. फोनवर गिऱ्हाइकाला जसे सांगाल तसे. नुसत्या सजावटीच्या वेलबुट्टीला मात्र ऑल्ट रिकामा सोडा, नाहीतर ऐकणारा कंटाळून निघून जाईल.

भाषेचे सांगितलेच पाहिजे, कारण हे आपल्याच साइटींवर जास्त होते. पान मराठी, दुकानाचे नाव उर्दूत, बटणे इंग्रजीत. पानाच्या कोडमध्ये भाषा सांगायची एक जागा असते, तिला लँग म्हणतात. तयार साचा वापरला की तिथे बहुधा इंग्रजी असते. मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि कधीकधी शब्दच गाळतो. हिंदी लिहिले असेल तर आपले ‘च’ आणि ‘ज’ हिंदी वळणाने येतात. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ लिहा. उर्दू ओळीला वेगळे ‘यूआर’ द्या आणि दिशा उजवीकडून डावीकडे आहे हेही सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

फॉर्ममध्ये ‘नाव’, ‘मोबाइल’ हे शब्द रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ठेवतात. टाइप करू लागले की ते पुसले जातात. शब्द रकान्याच्या वर, लेबल म्हणून द्या. ‘लाल रंगातल्या वस्तू संपल्या’ असे लिहू नका. प्रत्येकीपुढे ‘संपले’ लिहा. पांढऱ्यावर फिकट सोनेरी अक्षरे आपल्याला फार आवडतात, पण ती वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो. रंग टाकला की गुणोत्तर सांगणारी फुकट साधने आहेत. वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख मुख्यपाने तपासते, त्यात सर्वाधिक सापडणारा दोष हाच असतो.

‘एक ओळ कोड टाका, साइट सर्वांसाठी सुलभ होईल’ असे विजेट विकणारे तुम्हाला भेटतील. पैसे वाया घालवू नका. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

कायद्याचे थोडक्यात. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील यांच्या याचिकांवर निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणे हे जगण्याच्या हक्कात धरले. त्यांचा प्रश्न बँकेच्या केवायसीचा होता. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटा, असे मशीन सांगत होते, आणि काहींना ती मिटताच येत नव्हती.

तपासणी घरीच होते. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटरने ऑर्डर पूर्ण करून पाहा. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसत नसेल, तर बहुधा ती कुणीतरी ‘कुरूप दिसते’ म्हणून काढून टाकली आहे, परत आणा. विंडोजवर एनव्हीडीए हा वाचक प्रोग्राम फुकट मिळतो. शेवटी, अशी साधने रोज वापरणाऱ्या एखाद्याला एक ऑर्डर देऊन पाहायला सांगा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

आता सगळ्यांनी फोन काढा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. चालू करण्याआधी बंद करण्याचा शॉर्टकट लावून घ्या: आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद दाबून धरायची. चालू झाल्यावर उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की बटण दाबले जाते. लावलेत? मग स्वतःची साइट उघडा, डोळे मिटा आणि एक किलो बिर्याणी मागवून दाखवा.