दुकान माझं, पावती कुणाची?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

माझं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे. तालुक्याच्या गावात, मुख्य पेठेत, आठ बाय दहाचं. सकाळी शटर मी उघडते, रात्री मीच ओढते. माल आणायला मी जाते, उधारीची वही मी लिहिते, भाडं मी भरते. पण १६ वर्षं व्यापारी संघटनेच्या वर्गणीची पावती यायची ती नवऱ्याच्या नावानं. तो नोकरी करतो. टिकलीच्या पाकिटाची किंमतसुद्धा त्याला ठाऊक नाही. तरी सभासद तो, मत त्याचं, सभेची नोटीस त्याच्या नावाची. मी कोण? वहिनी.

याचं मला काही वाटत नव्हतं, हे आधी कबूल करते. संघटना म्हणजे गणपतीची वर्गणी, एखादा बंद आणि वर्षातून एक जेवण, एवढंच मी धरून चालले होते. पेठ कधी बंद ठेवायची, आठवडे बाजाराला गाड्या कुठून वळवायच्या, नगरपरिषदेकडे कुठली मागणी न्यायची, हे सगळं तिथं ठरतं. आणि ठरलं की ते ‘गावाचं म्हणणं’ होऊन पुढं जातं. हे कळायला मला एक चटका बसावा लागला.

रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायकांना पेठेतून हटवावं, असं निवेदन संघटनेनं काढलं. कागद दुकानोदुकानी फिरला. माझ्याकडे आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. आणणारा मुलगा म्हणाला, “वहिनी, शिक्का मारा.” मी मारला. वाचलंसुद्धा नाही. आणि खरं सांगते, वाचलं असतं तरी मारला असता. माझ्या पायरीसमोर टोपल्या असायच्या, आणि गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही, अशी कुरकुर मीही करायची. काही दिवसांनी गाडी आली. टोपल्या, तागड्या उचलून नेल्या. जिच्याकडून मी वर्षानुवर्षं मेथी घेते ती बाई संध्याकाळी दुकानात आली. भांडली नाही. एवढंच विचारलं, “ताई, त्या कागदावर तुमचा बी शिक्का हाय म्हणत्यात. खरं का?”

मला उत्तर देता आलं नाही. शिक्का मारायच्या वेळी दुकान माझं, ठरवायच्या वेळी नवऱ्याचं. म्हणजे दोषात वाटा मिळाला, अधिकारात नाही. त्या रात्री ठरवलं, आपण सभासद व्हायचं.

अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, “घरात एक सभासद आहे ना? साहेबांना पाठवत जा.” मी संघटनेची घटना मागितली. ती शोधायलाच आठ दिवस गेले. तीत पुरुष असा शब्द कुठंही नव्हता. ‘पेठेतील दुकानदार’ एवढंच होतं. मग माझ्या लक्षात आलं की कागदावर दुकानदारही मी नव्हते. शॉप ॲक्टचा कागद नवऱ्याच्या नावावर, भाडेपावती त्याच्या नावावर, बँकेतलं खातं त्याचं. मैत्रिणींनो, खरी अडचण इथं असते. संघटना नाही म्हणण्याआधी घरानंच नाही म्हटलेलं असतं, आणि तेही न बोलता. नवरा वाईट नाही. पण “काय फरक पडतो?” हे वाक्य तो चार वेळा म्हणाला. फरक पडत नसेल तर माझ्या नावावर करायला हरकत काय, असं मी पाचव्यांदा विचारलं तेव्हा त्यानं सही केली. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं थोडेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला पूर्वीची नोंदणी लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. ती माझ्या नावानं काढली, चालू खातं उघडलं, भाडेकरार बदलून घेतला.

काही जणी मला विचारतात, “व्यापारी संघटना म्हणजे मालक पुरुषांची. पेठेतल्या दोन-चार जातींची. तिथं जाऊन बाईनं काय मिळवायचं?” प्रश्न खरा आहे. पण आपल्या चळवळीनं संघटनेचा अर्थ आधीच रुंदावलाय. १९७२ मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांनी ‘सेवा’ची युनियन म्हणून नोंदणी करायला घेतली, तेव्हा कामगार खात्याचं म्हणणं होतं की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? युनियन कुणाच्या विरुद्धच असावी लागते असं नाही, ती एकत्र येण्यासाठीही असते, हे त्यांनी पटवून दिलं आणि नोंदणी मिळवली. आपल्या साताऱ्याच्या म्हसवडला बायकांनी बँक काढायची म्हटली, तर सह्यांच्या जागी अंगठे पाहून पहिला अर्ज नाकारला गेला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. आपली स्वतंत्र संघटना हवीच. पण जिथं आपल्याबद्दल ठरतं ती खोलीही सोडून चालत नाही.

मी सभासद झाले. पहिली सभा रात्री साडेनऊला. मी एकटी बाई. खुर्ची दाराजवळ दिली. इतिवृत्तात माझं नाव ‘सौ.’ लावून, नवऱ्याच्या नावासकट आलं. ते दुरुस्त करून घेतलं. पुढच्या वेळी शिवणकामाचं दुकान चालवणारीला आणि मेसवालीला बरोबर नेलं. तिघी मिळून म्हटलं, सभा दुपारी चारला घ्या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. कुरकुर झाली, पण वेळ बदलली.

दुसरी गोष्ट मुतारीची. पेठेत पुरुषांसाठी दोन, बायकांसाठी एकही नाही. मी इतकी वर्षं दुपारपर्यंत पाणी न पिता काढली. आठवडे बाजाराला खेड्यातून येणाऱ्या बायकांचं काय होत असेल, ते तुम्हीच जाणा. संघटनेची इतकी निवेदनं गेली, त्यात हे कधीच नव्हतं. दुष्टपणानं नव्हे, सुचलंच नाही. आम्ही ठराव मांडला. संघटनेच्या लेटरहेडवर तो गेला म्हणून नगरपरिषदेला फाइल उघडावी लागली. बांधायला दीड वर्ष गेलं. बांधल्यावर किल्ली एका दुकानदाराच्या गल्ल्यात! तिच्यावरून पुन्हा भांडण. आता ती दिवसभर उघडी असते.

आणि भाजीवाल्या? तिथं मी पूर्ण जिंकले असं सांगणार नाही. पण आम्ही २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून काढला. त्यात लिहिलंय की सर्वेक्षण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि नंतरही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. त्याच समितीत व्यापारी संघटनेचे प्रतिनिधीही बसतात! म्हणजे टोपलीवालीचं भवितव्य ठरवताना आपल्या संघटनेचा माणूस टेबलावर असतो. तो काय बोलणार, हे आतल्यांनाच ठरवता येतं. सभेत खूप आवाज झाला. मला “भाजीवाल्यांच्या पुढारी” म्हणाले. शेवटी ठरावातला ‘हटवावे’ शब्द गेला, ‘जागा आखून द्यावी’ आला. एका शब्दाचा फरक. पण पायरीपासून चार फूट सोडून पट्टा आखला गेला आणि मेथीवाली परत आली. आधी काही दिवस बोलली नाही. आता बोलते.

अजून बरंच बाकी आहे. आमच्याच पेठेत कापडाच्या दुकानात मुली दिवसभर उभ्या असतात. केरळात कोळिकोडच्या विक्रेत्या बायकांनी विजी यांच्या पुढाकारानं लढून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला. आमच्या संघटनेत मी हा विषय काढला तर सगळे गप्प. इथं आम्ही मालक आहोत, ही अवघड जागा आहे. माझ्याकडेही एक मुलगी कामाला आहे. स्टूल मी आधी माझ्या दुकानात ठेवलं, मग विषय काढला. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात लैंगिक छळ झाला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे २०१३ च्या कायद्यात आहे. तो फलक पेठेत लागावा, हा आमचा पुढचा ठराव.

शेवटी एवढंच. घरी गेल्यावर दुकानाचे कागद काढा आणि कुणाचं नाव आहे ते बघा. संघटनेची घटना मागा. एकटी जाऊ नका, निदान दोघी जा. हिशेब विचारा, इतिवृत्त वाचून सही करा. आणि शिक्का मारण्याआधी कागद वाचा. माझ्याकडून राहिलं ते तुमच्याकडून राहू नये, म्हणून हे सगळं सांगितलं.