पाहुण्यानं आजारी पडू नये

मी मूळची इथलीच, कराडची. गेली अकरा वर्षं अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते, एका कंपनीत हिशेबाचं काम करते. सध्या तीन आठवड्यांच्या सुट्टीवर माहेरी आले आहे. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, आपल्या ऐकणाऱ्यांत अशा खूपजणी आहेत, ज्यांची लेक नाहीतर मुलगा परदेशात आहे आणि आज ना उद्या त्यांना तिकडून बोलावणं येणार आहे. आईवडील तिकडे राहायला येतात तेव्हा घरात काय काय होतं, ते सांगा. मी विचारलं, चांगलं तेवढंच सांगू का? तर म्हणाल्या, सगळं सांगा. म्हणून सगळं सांगते. सासूसासरे आले होते तेव्हाचं मात्र सांगणार नाही, ते हा कार्यक्रम ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या मध्याला आई आणि अण्णा आमच्याकडे आले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक. दोघंही निवृत्त. मी त्यांना प्रेमानं बोलावलं, यात खोटं नाही. पण त्यात माझा स्वार्थही होता. तिथे शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते ती सप्टेंबरात उघडते. सात वर्षांच्या मुलाला अडीच महिने कुठे ठेवायचं? सुट्टीतली शिबिरं असतात, पण त्यांची आठवड्याची फी ऐकली की पोटात गोळा येतो. आजीआजोबा घरी असले की तो प्रश्न मिटतो. तिकडच्या निम्म्या घरांत हेच गणित असतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

दुसरं गणित रजेचं. अमेरिकेत खासगी कंपनीनं पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा देशाचा कायदा नाही. कंपनी देईल तेवढी घ्यायची. मला वर्षाला पंधरा दिवस मिळतात. त्यातले पाच दिवस आईअण्णांना फिरवण्यात गेले. नायगारा झाला, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा झाला, फोटो इकडे सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले. मग सोमवार उजाडला. मी आणि नवरा सकाळी सातला गाड्या काढून कामावर, मुलगा शाळेत, आणि ती दोघं घरात.

आता अण्णांचा इथला दिवस तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तसाच असतो. पहाटे प्रीतिसंगमावर फेरी, तिथे चौघांशी गप्पा, येताना दूध, पेपर. मग बँकेत काही असो नसो, एक चक्कर. तिथे आमच्या घरापासून किराणा दुकान दीड मैलावर, आणि त्या रस्त्याला पायवाटच नाही, नुसत्या धावणाऱ्या मोटारी. ओक ट्री रोड म्हणून आपल्या लोकांची मोठी बाजारपेठ आहे, कढीपत्त्यापासून समईपर्यंत सगळं मिळतं, पण तीही गाडीनं वीस मिनिटांवर. गाडी नसेल तर माणूस तिथे घरातच बसतो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस खिडकीशी बसून माझी गाडी कधी येते याची वाट बघायला लागला.

आईचं वेगळंच. तिथली घरं लाकडी असतात, म्हणून धूर झाला की छताला लावलेला भोंगा वाजतो. पहिल्याच दिवशी तिनं मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि तो असा कोकलला की अण्णा सदऱ्याशिवाय बाहेर पळाले. त्यानंतर आई फोडणीलाच भ्यायला लागली. भांडी घासायला यंत्र आहे, तरी ती हातानं घासायची. एकदा मी दमून घरी आले होते, जरा चिडूनच म्हणाले, "आई, यंत्र आहे ना, कशाला करत बसतेस?" ती म्हणाली, "मग मी काय करू?" मला वाटलं नेहमीचं बोलतेय. तिनं खरोखरच विचारलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता मुख्य गोष्ट.

आले त्याच आठवड्यात जेवताना आजारपणाचा विषय निघाला. मी हसत हसत म्हणाले, "अण्णा, इथे आजारी पडायचं नाही हं. दवाखान्याचं बिल आलं तर घर विकावं लागेल." तिकडे सगळेच हा विनोद करतात. अण्णाही हसले.

अण्णांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, रोज सकाळी एक. येताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या. बाकीच्या तिथे घेऊ, असं मीच फोनवर म्हणाले होते. जुलैत त्यांनी पाकिटं मोजली. मुक्काम सहा महिन्यांचा, गोळ्या ऑगस्टपर्यंतच्या. मला सांगितलं नाही. एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. आईला माहीत होतं. दोघांनी ठरवून मला सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटी एका सकाळी अण्णा जिन्यात चक्कर येऊन बसले आणि तीन पायऱ्या घसरले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. त्यांनी दिवसभर लांब बाह्यांचा सदरा घातला. मला कळलं चार दिवसांनी, मुलाला झोपवताना. तो म्हणाला, "आई, सिक्रेट आहे, पण सांगू? आजोबा पडले होते. आजी रडली."

मी त्या रात्री फार वाईट बोलले. आईला म्हणाले, काही झालं असतं तर मी आयुष्यभर काय तोंड घेऊन जगले असते? अण्णा खाली बघून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, तुझं घर आहे, हप्ते आहेत. पाहुण्यानं आजारी पडू नये."

घर विकावं लागेल, हे वाक्य माझं होतं. त्यांनी ते खरं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळच्या अर्जंट केअरमध्ये नेलं. हा तिथला छोटा दवाखाना; जिवावरचं दुखणं नसेल तर वेळ न ठरवता जाता येतं, आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दाब बराच वाढलेला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी अशी मनानं कमी करणं हेच सगळ्यात धोक्याचं. तपासणीचे दोनशे डॉलर झाले. अण्णांनी तिथेच तोंडी पंच्याऐंशीनं गुणून सतरा हजार सांगितले आणि गप्प झाले. मग औषधाच्या दुकानात गेलो. त्याच औषधाच्या तीस गोळ्या, विमा न लावता, पंधरा डॉलरच्या आत. माझ्या वडिलांनी तीन आठवडे जीव टांगणीला लावला तो एवढ्या पैशांसाठी. आणि हा भाव मी तोवरच्या नऊ वर्षांत कधी विचारला नव्हता. आम्हाला गरजच पडली नव्हती.

म्हणून जाणाऱ्या आयांनो, हे नीट ऐका. औषधं मुक्कामाच्या पूर्ण दिवसांची आणि वर पंधरा दिवसांची न्या. ती मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, मूळ पाकिटांसकट. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून मागा, कारण इथली कंपन्यांची नावं तिकडच्या डॉक्टरांना कळत नाहीत. तिकडे गोळ्या विकत घ्यायला तिकडच्याच डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण इथली चिठ्ठी दाखवली की त्यांचं काम सोपं होतं.

विम्याचं. पाहुण्यांसाठीचा विमा जरूर काढा, पण तो काय देतो ते मुलांकडून वाचून घ्या. अंगात आधीपासून असलेल्या दुखण्याचा नेहमीचा खर्च बहुतेक विमे देत नाहीत. त्या दुखण्यामुळे अचानक गंभीर काही उद्भवलं तर काही विमे देतात, तेही काहींत ठरावीक वयापर्यंतच. शिवाय सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते. हे वयाच्या माणसांना सांगून ठेवावं, म्हणजे नंतर "विमा काढला होता ना?" असा घोळ होत नाही.

आणि सगळ्यात मोठं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर बिलाचा विचार करायचाच नाही, ९११ लावायचा. तिथे १९८६ पासून कायदा आहे: तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला पैसे आहेत का, हे विचारत न बसता आधी तपासायचं आणि जिवाचा धोका असेल तर सावरायचं. बिल नंतर येतं, मोठं येतं, हे खरं. पण त्यावर बोलता येतं, हप्ते पाडून घेता येतात. मोठ्या रुग्णालयात दुभाष्याची सोयही फुकट असते. इंग्रजी येत नाही म्हणून दुखणं अंगावर काढू नका. हे सगळं मी अण्णांना सांगितलं ते ऑगस्टमध्ये. मे महिन्यात विनोद करत होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही घरात थोड्या गोष्टी बदलल्या. दोघांना घराची एकेक किल्ली दिली. ऐकायला विचित्र वाटेल, पण तोवर त्यांच्याकडे किल्लीच नव्हती! तिथला नंबर असलेला फोन घेऊन दिला, आमचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवला. आईच्या हातात दर आठवड्याला थोडे डॉलर ठेवायला लागले, हिशेब न विचारता. पहिल्यांदा तिनं घेतलेच नाहीत, दुसऱ्यांदा घेतले. ओट्यावर एक लहान पंखा बसवला, त्याची हवा खिडकीकडे जाते, भोंगा गप्प राहतो. फोडणी परत सुरू झाली.

सप्टेंबरात शाळा उघडली आणि मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम अण्णांनी मागून घेतलं. ती पिवळी बस थांबून लाल दिवे लुकलुकायला लागली, बाजूनं 'थांबा'ची पाटी बाहेर आली, की मागची आणि समोरून येणारीही वाहनं उभी राहतात. पोरं चढून होईपर्यंत कुणी हलत नाही. अण्णांनी ते पाहिलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "एवढी वर्षं स्टँडवर काढली, पण गाडी थांबली म्हणून अख्खा रस्ता थांबलेला आज बघितला." त्या थांब्यावर एक गुजराती आजोबा यायचे, एक तेलुगू आजी यायच्या. प्रत्येकाचं हिंदी वेगळं. बस गेल्यावर अर्धा तास तिथेच गप्पा. पंधरा दिवसांत अण्णा दहाच्या आत घरी येईनासे झाले.

आईचा एक किस्सा मला अजून टोचतो. आमच्या गल्लीतल्या एका नोकरी करणाऱ्या मुलीनं तिच्या हातची पोळी खाल्ली आणि विचारलं, काकू, मला आठवड्याला पन्नास करून द्याल का, पैसे देईन. आईचा चेहरा उजळला. मला मध्ये पडावं लागलं, कारण पाहुण्यांच्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. घरून केलं तरी नाही. आई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "शिकवण्याचा पगार सरकारनं दिला. पोळीचा भाव आजवर कुणी विचारला नव्हता गं." काय बोलणार? मी नुसती शेजारी बसले. पुढे तिनं नातवाला बाराखडी शिकवायला घेतली, रोज संध्याकाळी पाऊण तास, आणि शाळेत असल्यासारखी कडक. मुलगा कुरकुर करायचा, पण आता अण्णांना मराठीत पत्र लिहितो. शुद्धलेखन राम भरोसे.

बाकी बारीकसारीक पटकन सांगते. इथल्या बँकेला जोडलेलं सिमकार्ड परदेशात चालू राहील अशी सोय निघण्याआधी करून घ्या, नाहीतर ओटीपी येत नाही आणि पैसे असून अडकतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला लक्षात ठेवून परतीचं तिकीट काढा. आई-अण्णा त्यासाठीच नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतले. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने, आणि ती तारीख मुलांकडून संगणकावर तपासून घ्यायची. ताजी फळं आणि मांसमच्छी नेऊ नका. लोणचं न्या, पण तिथे ते जाहीर करा. विमानात दर दोन तासांनी उठून चाला, कुणी हसलं तरी.

येत्या एप्रिलमध्ये दोघं पुन्हा यायचं म्हणताहेत. मी विचारलं नव्हतं. अण्णांनीच विषय काढला, त्या गुजराती आजोबांचा फोन आला होता म्हणे. काल संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत्तापासून महिन्याला थोड्या जास्त गोळ्या घेऊन साठवताहेत. "मोज," म्हणाले. मी एकेक पाकीट काढून त्यावरची मुदतीची तारीख बघितली. दोन पाकिटं मार्चमध्येच संपणारी निघाली, ती बाजूला ठेवली. आज इथून परत जाताना दुकानात बदलून घ्यायची आहेत.